झोपलेले वापरकर्ते की सोडून गेलेले?

अ‍ॅपच्या ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ वापरकर्त्यांचे गट कसे बांधायचे, हा गोंधळ पुन्हा पुन्हा येतोय. म्हणून यावेळी फक्त तेच प्रश्न.

प्रश्न: ३० दिवस अ‍ॅप उघडलं नाही की इनअ‍ॅक्टिव्ह, असं सगळेच म्हणतात. बरोबर ना?
सगळे म्हणजे कोण? व्यायामाच्या अ‍ॅपवर दहा दिवसांची दांडी ही धोक्याची घंटा. विमानतिकिटाच्या अ‍ॅपवर तीन महिने शांतता असली तरी गिऱ्हाईक तुमचंच असू शकतं. आपल्या लोकांच्या दोन भेटींमध्ये एरवी किती दिवस जातात ते काढा, बहुतेक जण जिथवर परततात त्याच्या पुढे रेघ मारा. नेमकी कुठे, ते डेटा बघणाऱ्या माणसाला सोबत घेऊन ठरवा.

प्रश्न: गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये (वापर मोजायचं गूगलचं साधन) सकाळी ऑडियन्स, म्हणजे वापरकर्त्यांचा गट, बनवला, अजून रिकामाच आहे.
भरायला २४ ते ४८ तास लागतात. थांबा.

प्रश्न: अ‍ॅप काढून टाकलेलेही यात धरायचे का?
नाही, वेगळे ठेवा. मात्र फायरबेस या गूगलच्या साधनसंचाचा ‘अ‍ॅप रिमूव्ह’ इव्हेंट (काढल्याची नोंद) फक्त अँड्रॉइडवर मिळतो. आयफोनच्या गटात अ‍ॅप काढलेली मंडळी मिसळलेली असणारच.

प्रश्न: वर्षभर न आलेल्यांना पुश (फोनवरचे नोटिफिकेशन) पाठवले, पोचलेच नाहीत.
वर्षभर वाट कसली बघितलीत? अँड्रॉइडवर २७० दिवस निष्क्रिय राहिलेलं टोकन (ज्यावर नोटिफिकेशन जातं तो फोनचा पत्ता) एफसीएम, म्हणजे फायरबेसची संदेश पोचवणारी सेवा, कालबाह्य धरतं. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनला परवानगीही लागते. आधी डेव्हलपरकडून जिवंत टोकन मोजून घ्या.

प्रश्न: एजन्सी म्हणते, त्यांच्या मोहिमेमुळे शंभरातले बारा परत आले. करार वाढवू का?
न पाठवता किती आले असते, हे विचारलंत? काही माणसं आपणहून परततात, आणि त्यांचं श्रेय खिशात घालणं हा या धंद्यातला सर्वात जुना चलाखपणा. नुकतेच आठवडाभर गैरहजर असलेले निवडायचे, कूपन वाटायचं, आणि जे येणारच होते त्यांना ‘परत आणले’ म्हणून बिल लावायचं! गट बांधल्यावर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यातले दहा टक्के बाजूला काढा आणि त्यांना काहीही पाठवू नका. बाजूला काढलेल्यांपैकी शंभरातले दहा आपणहून आले, तर एजन्सीची कमाई बारा नव्हे, दोन. गट लहान असेल तर तो दोनाचा फरक निव्वळ योगायोगही असू शकतो. आणि ‘आले’ म्हणजे चुकून नोटिफिकेशनवर बोट पडलं ते नव्हे. खरेदी, धडा, व्यायाम, जे तुमच्या अ‍ॅपचं मुख्य काम ते झालं का, तेच दोन्हीकडे मोजा. किती जणांनी वैतागून नोटिफिकेशन बंद केलं, तेही बघा. हे आकडे द्यायला एजन्सी टाळाटाळ करत असेल, तर सही करण्याआधी बाहेरच्या सांख्यिकी जाणकाराला कागद दाखवा.

प्रश्न: या लोकांचे ई-मेल जाहिरात प्लॅटफॉर्मवर चढवले तर चालेल?
त्यांनी त्यासाठी संमती दिली होती का? खात्री नसेल तर चढवू नका. आधी वकिलाला विचारा.