नगरपरिषदेविरुद्ध हुकूमनामा झाला, पण ‘निधी नाही’ म्हणून पैसे देत नाहीत. वसुली कशी करायची?

तुमच्या प्रश्नावरून कळतं ते असं: कामाचं बिल थकलं, दिवाणी न्यायालयाने व्याजासह रकमेचा हुकूमनामा (पैसे द्या असा न्यायालयाचा अधिकृत आदेश) दिला, अपील झालेलं नाही आणि लेखा विभाग ‘निधी आला की बघू’ म्हणतो. ‘निधी नाही’ हा कायद्यातला बचाव नाही. पण हुकूमनामा आपोआपही अमलात येत नाही, त्यासाठी दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी लागते. अर्ज-विनंत्यांत आणखी वर्ष घालवू नका.

दरखास्त ज्या न्यायालयाने निकाल दिला तिथेच दाखल होते (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 21, नियम 11; पुढची कलमं याच संहितेतली आणि नुसता ‘नियम’ म्हटला तो याच आदेशातला). मुदत 12 वर्षांची आहे, पण त्या भरवशावर राहू नका. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटली की नियम 22 ची, ‘अंमलबजावणी का करू नये ते सांगा’ अशी नोटीस आधी बजावावी लागते आणि त्यातच काही तारखा जातात. ‘सरकारविरुद्ध तीन महिने थांबावं लागतं’ असा आक्षेप नगरपरिषदेचे वकील घेऊ शकतात. कलम 82 ची ती अट केंद्र, राज्य आणि लोकसेवक यांच्यासाठी आहे. नगरपरिषद ही स्वतंत्र कायदेशीर संस्था, तिला ती लागू नाही.

सोबत हिशोबाचा तक्ता जोडा. मूळ रक्कम, दाव्याच्या तारखेपर्यंतचं व्याज, दावा चालू असतानाचं, निकालानंतरचं आणि दाव्याचा खर्च, प्रत्येकाची वेगळी ओळ. निकालात नसेल तर चक्रवाढ लावू नका. आकडा फुगलेला दिसला की समोरच्यांना आक्षेपाचं निमित्त मिळतं आणि मूळ विषय बाजूला पडतो.

आता जप्ती कशाची मागायची, हा खरा प्रश्न. मुख्याधिकाऱ्यांची खुर्ची, संगणक, जीप जप्त झाल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. बेलीफ (जप्ती करणारा न्यायालयाचा कर्मचारी) दारात आला की लेखी मुदत मागितली जाते, कधी धनादेशही निघतो, म्हणून लहान रकमेला हा मार्ग चालतो. मोठ्या रकमेला जुन्या खुर्च्यांच्या लिलावातून काय येणार? तिथे थेट बँक खातं धरा. नियम 46 खाली जप्ती आणि 46-अ खाली बँकेला नोटीस मागा. मग बँकेने रक्कम न्यायालयात भरायची किंवा का भरत नाही ते सांगायचं.

इथेच बहुतेक दरखास्ती अडकतात, कारण अर्जात ‘नगरपरिषदेची सर्व खाती’ असं मोघम लिहिलेलं असतं. बँक, शाखा, खाते क्रमांक आणि खात्याचं नाव द्या. वित्त आयोगाचा बंधित निधी, घरकुल किंवा पाणीपुरवठा योजनेचं खातं धरलंत, तर ‘हा पैसा विशिष्ट कामासाठी आलेला, आमचा नाही’ असा आक्षेप येतो आणि तो बऱ्याचदा टिकतो. कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला हातच लावू नका. मालमत्ता कर, गाळ्यांचं भाडं, बाजार फी, विकास शुल्क ज्यात जमा होतं ते सर्वसाधारण निधीचं खातं शोधा. खात्याची शाखा न्यायालयाच्या हद्दीबाहेर असेल तर कलम 39(4) आड येतं. तेव्हा हुकूमनामा तिकडच्या न्यायालयाकडे पाठवून घ्यावा लागतो.

खात्यांची यादी माहिती अधिकारातून मागा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत: बँक खात्यांची यादी, प्रत्येकाचा निधीप्रकार आणि गेल्या 31 मार्चची शिल्लक. वार्षिक लेखे आणि लेखापरीक्षण अहवाल वेगळ्या अर्जाने मागा. ‘निधी नाही’ म्हणणाऱ्यांची शिल्लक त्यांच्याच सहीच्या कागदावर दिसली, की युक्तिवादाची गरज फारशी उरत नाही.

यादी नाकारली तरी दुसरा रस्ता आहे, आणि माझ्या मते हाच सगळ्यात कमी वापरला जाणारा. रक्कम 30 दिवस थकली की नियम 41(2) खाली मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागता येतं. ऋणको (पैसे देणं लागणारा) संस्था असेल तर ते तिच्या अधिकाऱ्याने द्यायचं. आदेश होऊनही दिलं नाही, तर 41(3) खाली त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. मुख्याधिकारी तुमचं देणं स्वतःच्या खिशातून देणार नाहीत, पण या आदेशाची जबाबदारी मात्र त्यांच्यावर व्यक्तिशः येते. सभेचा ठराव, पुरवणी तरतूद वगैरे गोष्टी मग भराभर होतात.

स्थावर मालमत्ता शेवटी ठेवा. रस्ते, दवाखाना, स्मशानभूमी, जलशुद्धीकरण केंद्र अशा सार्वजनिक वापराच्या गोष्टी जप्तीत टिकत नाहीत. व्यापारी संकुलातले गाळे वेगळे, कारण ते उत्पन्नाचं साधन आहे. तिथे लिलावाच्या भानगडीत पडण्यापेक्षा गाळेधारकांकडून येणं असलेलं भाडंच जप्त करून घेणं सोपं.

जप्तीची नोटीस लागली की उशीर माफ करून घेत अपील दाखल होण्याची शक्यता धरा. नुसत्या अपिलाने अंमलबजावणी थांबत नाही, आदेश 41 नियम 5 खाली स्थगिती घ्यावी लागते. अपील जिथे जाईल तिथे कलम 148-अ खाली कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा अर्ज) टाका, ते 90 दिवस चालतं, नंतर नव्याने टाकायचं. स्थगितीच्या सुनावणीत रक्कम जमा करण्याची अट मागा. तारण न देण्याची आदेश 27 नियम 8-अ मधली सवलत सरकारला आहे, नगरपरिषदेला नाही.

तारखांवर तारखा पडू लागल्या तर राहुल शहा प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 2021 चा निर्णय लेखी अर्जासोबत ठेवा. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढायची, मुदत वाढवायची तर लेखी कारण द्यायचं, असं त्यात सांगितलं आहे. थेट उच्च न्यायालयात रिट करायचा मोह होतो, पण हातात हुकूमनामा असताना ‘दरखास्तीचा मार्ग आहे’ असं सांगून परत पाठवण्याचीच शक्यता जास्त.

अर्धवट रक्कम आली तर घ्या, मात्र ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या पावतीवर सही करू नका. निकालात वेगळं काही नसेल तर आलेली रक्कम आधी व्याज आणि खर्चात वळती होते, मग मुद्दलात, आणि उरलेल्या मुद्दलावर निकालाप्रमाणे व्याज चालू राहतं. न्यायालयाबाहेर दिलेला प्रत्येक रुपया आदेश 21 च्या नियम 2 खाली नोंदवून घ्यावा लागतो. टीडीएस कापला असेल तर तेवढं वजा धरा, पण प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय दरखास्त पूर्ण झाल्याची पुरसीस (न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन) देऊ नका.