ज्यू शेजाऱ्यांकडे मयत झालं आहे, भेटायला जाऊ का?

तुम्ही लिहिलंय की शेजारच्या ज्यू आजी वारल्या, त्याच दिवशी दफन झालं, घरातले आरसे झाकलेत. आता भेटायला जावं का, आणि आमच्यात स्वर्ग-नरक, तेरावं असतं का. मी ठाण्याची बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातली मराठी बोलणारी ज्यू. आमच्यातल्या बायकांच्या मयताला अंघोळ घालायला बारा वर्षं जाते आहे, म्हणून सांगते.

आधी घाईबद्दल. तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात, देहदंड दिलेल्याचंही प्रेत रात्रभर टांगून ठेवू नका, त्याच दिवशी पुरा, अशी आज्ञा आहे. गुन्हेगाराचा एवढा मान, मग आपल्या माणसाचा किती? शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, मात्र दफन होत नाही. याच शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचो म्हणून कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत. आमची परंपरागत कथाही दफनापासूनच सुरू होते: आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि बुडालेल्यांना अलिबागजवळ नवगावला पुरलं.

दफनापर्यंत मयत एकटं सोडत नाहीत, कुणीतरी जवळ बसून स्तोत्रं म्हणतं. अंघोळीला 'ताहरा' म्हणतात. बाईला बायकाच घालतात. जेवढं अंग धुवायचं तेवढीच चादर सरकवायची. देहावरून एकमेकींना वस्तू द्यायची नाही, वळसा घालून जायचं. शेवटी पाणी अखंड धारेनं पडलं पाहिजे, म्हणून पहिली बादली संपायच्या आत दुसरीची धार धरायची, दुसरी संपायच्या आत तिसरीची. आणि अंघोळ घालताना म्हणतात काय, तर 'गीतरत्न' या आमच्या धर्मग्रंथातल्या प्रेमकाव्यातल्या प्रेयसीचे शब्द: त्याचं मस्तक म्हणजे अस्सल सोनं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा समोर नव्वदीच्या आजी होत्या, मनगटावर बांगड्यांचा वळ तसाच होता. ते शब्द ऐकले आणि बादली खाली ठेवून मी रडले. निघताना आम्ही मयताला नावानं हाक मारून माफी मागतो, काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाल म्हणून. मेलेलं माणूस उपकार फेडू शकत नाही, म्हणून या सेवेला 'खरी दया' म्हणतात.

कपडे सगळ्यांना सारखेच, पांढरे, बिनखिशाचे. तालमुदात, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, लिहिलंय की एके काळी अंत्यविधीचा खर्च मरणाहून जड झाला होता, नातेवाईक प्रेत टाकून पळायचे. तेव्हा रब्बान गमलीएलसारख्या थोर माणसाची मयत साध्या लिननमध्ये निघाली, आणि पुढे सगळ्यांनी तेच धरलं.

स्वर्ग-नरकाविषयी तोरा जवळजवळ गप्प आहे. दानीएलाच्या पुस्तकात, १२ व्या अध्यायात, मातीत निजलेले जागे होतील असं येतं, आणि पुनरुत्थानावर आमची श्रद्धा आहे. गेहिन्नोम, म्हणजे नरकासारखी जागा, आहे, पण मिश्ना या जुन्या नियमग्रंथाप्रमाणे तिथली दुष्टांची शिक्षा बारा महिन्यांची. म्हणून मुलं आईवडिलांसाठी कद्दीश ही प्रार्थना अकराच महिने म्हणतात. बारा म्हटली तर आपलीच आई दुष्ट होती असं कबूल केल्यासारखं होईल! त्या प्रार्थनेत मृत्यूचा शब्दही नाही, फक्त देवाची थोरवी आहे. ती म्हणायला निदान दहा जण लागतात. आमची बरीच माणसं इस्राएलला गेल्यापासून इथं दहा जमवणंच अवघड झालंय, हे सांगताना जीव तुटतो.

तेरावं नाही. सात दिवस 'शिवा', तीस दिवस 'शलोशिम', आईवडिलांचं सुतक वर्षभर. शिवात घरचे खाली बसतात, दाढी करत नाहीत, चामड्याची चप्पल घालत नाहीत, आणि आईवडील गेले असतील तर छातीपाशी डावीकडे फाडलेला कपडा अंगावर असतो.

तेव्हा तुम्ही जरूर जा. 'कसे आहात' विचारू नका. घरचे बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही; धर्मग्रंथातल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. रिकाम्या हातानंही जाऊ नका. दफनानंतरचं पहिलं जेवण शेजाऱ्यांनीच द्यायचं असतं, उकडलेली अंडी आणि मसूर. ते झालं असेल, तरी डबा न्यायला हरकत नाही. बाहेरचं चालतं का, एवढं त्यांच्या सुनेला आधी हळूच विचारा. मसूरच का, तर इतर कडधान्यांसारखं त्याला तोंड, म्हणजे खाच, नसतं, आणि दुःखातल्या माणसालाही तोंड नसतं, असं तालमुद म्हणतं.