वाचक विचारतात : एस्केप रूम कुटुंबाने कशी निवडावी?

प्रश्न : आम्ही नाशिकमध्ये इंदिरानगरला राहतो. घरात मी, माझे यजमान, अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, दहावीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी असे पाचजण आहोत. सुट्ट्यांच्या निमित्ताने आम्ही एस्केप रूमचे, म्हणजे कोडी सोडवत बंद खोलीतून ‘सुटण्याच्या’ खेळाचे, निरनिराळे प्रकार करून पाहिले. पहिली खोली नाशिकमधलीच, जुन्या वाड्यासारखी सजवलेली होती. तिथे सासूबाईंनी फडताळातला मिसळणाचा डबा उघडला आणि त्यातल्या वाट्यांचे रंग ज्या क्रमाने मांडले होते, तोच क्रम पेटीवरच्या रंगीत कुलपाला लागेल हे ओळखले. त्याच वेळी मुलगी जात्याखालची किल्ली काढत होती आणि यजमान व मुलगा भिंतीवरच्या वंशावळीतल्या सनावळ्या जुळवत होते. सगळे आनंदात बाहेर पडलो. नंतर पुण्यात अंतराळयानाची खोली केली, तेव्हा मुलाने एकट्यानेच सगळे सोडवले आणि सासूबाई स्टुलावर बसून राहिल्या. मुंबईतल्या भुताच्या खोलीत एक नट अंधारातून अंगावर धावून आला, मुलगी रडू लागली आणि आम्हाला खेळ अर्धवट सोडावा लागला. सवय झाली की भीती जाईल, असे यजमानांचे म्हणणे आहे. पावसाळ्यात घरीच खेळायचा, छापील पत्त्यांवर कोडी असलेला पेटीतला खेळ आणला, तर पत्ते कोणी वाचायचे यावरून बाप-लेकांत वाद झाला. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जायचे ठरत आहे. कोणता प्रकार निवडावा? सासूबाई स्वतःच ‘मला घरी राहू द्या’ म्हणतात, ते ऐकावे का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : सासूबाईंना घरी ठेवू नका. वाड्याच्या खोलीत त्यांनी जे केले ते आपण एवढ्या बारकाईने लिहिले आहे की त्यांना या खेळाची नजर आहे याबद्दल शंका राहत नाही. पुण्यात त्या स्टुलावर बसून राहिल्या याचे कारण त्या खोलीच्या रचनेत शोधायला हवे, आणि दिवाळीची खोली निवडतानाही हीच रचना आधी पाहायला हवी.

आपण सगळेच खोली निवडताना तिचा विषय पाहतो : वाडा, तुरुंग, प्रयोगशाळा, अंतराळयान, पछाडलेला बंगला. विषय हा सजावटीचा भाग झाला. आत गेल्यावर कोणाच्या हाताला काम मिळणार हे मात्र कोडी एकमेकांना कशी जोडली आहेत त्यावरून ठरते. काही खोल्यांत कोडी एकापुढे एक अशी एकाच साखळीत असतात, म्हणजे पहिले सुटल्याशिवाय दुसरे दिसतच नाही. अशा वेळी पाच माणसे एकाच पेटीभोवती उभी राहतात, ज्याला चटकन सुचते तो पुढे सरकतो आणि उरलेले मागे राहतात. आपल्या घरात ते चटकन सुचणे दहावीतल्या मुलाचे आहे, त्यामुळे पुण्यात जे घडले ते घडणारच होते. दुसऱ्या रचनेत तीन-चार साखळ्या एकाच वेळी खुल्या असतात, प्रत्येकीतून एखादा आकडा किंवा तुकडा हाती येतो आणि ते सगळे एकत्र आले की शेवटचे कुलूप उघडते. आपण वर्णन केलेला वाडा याच प्रकारचा होता. डबा, जाते आणि वंशावळ या तीन ठिकाणी एकाच वेळी काम चालले होते आणि प्रत्येकाला दुसऱ्याची गरज होती.

या खेळाचे मूळ पाहिले की हा भेद आणखी स्पष्ट होतो. बंद खोलीतून सुटण्याचे खेळ आधी संगणकावर होते आणि तिथे माउस हातात घेतलेला एकच खेळाडू असतो. त्याला एकामागून एक कोडी पुरतात. जपानमधील क्योटो येथे २००७ मध्ये ‘स्क्रॅप’ या संस्थेने हा खेळ प्रत्यक्ष माणसांच्या गटांसाठी उभा केला, २०११ मध्ये बुडापेस्टला ‘पारापार्क’ सुरू झाले आणि पुढे जगभर शहरोशहरी अशा खोल्या निघाल्या. पण माणसे एकाची पाच झाली तरी कित्येक खोल्यांची मांडणी अजून एकाच खेळाडूच्या हिशेबाने केलेली दिसते. ती दोघांना उत्तम चालते; तीन पिढ्यांच्या कुटुंबाला चालत नाही.

पुण्याच्या खोलीबद्दल आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. कुलूप आपल्याला काय हवे ते स्वतःच सांगते : चार चाके असली तर चार आकडे शोधायचे, रंगांची चकती असली तर रंगांचा क्रम शोधायचा. सेन्सरवर चालणाऱ्या खोलीत, आणि अंतराळयानाची ती खोली बहुधा तशीच असावी, तसे नसते. मूर्ती चौथऱ्यावर ठेवली की पलीकडच्या भिंतीतला कप्पा आपोआप उघडतो, आणि तो कशामुळे उघडला हे ज्याने मूर्ती ठेवली त्यालाही पुष्कळदा कळत नाही. ज्यांचे आयुष्य कारण आणि परिणाम समोरासमोर पाहण्यात गेले, त्यांना ही जादू फार लवकर कंटाळवाणी होते. त्यात दिवे मंद, अक्षर बारीक आणि क्लू इंग्रजी शब्दांच्या खेळावर बेतलेले असले, तर मराठी वाचनात मुरलेल्या माणसालाही करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून बुकिंग करण्याआधी फोनवर स्पष्ट विचारा : एका वेळी किती कोडी खुली असतात, क्लू इंग्रजी शब्दांवर अवलंबून आहेत की आकडे, रंग आणि आकृतींवर, आत वाचण्यापुरता उजेड असतो का, आणि बसायला खुर्ची मिळेल का. चांगला चालक या प्रश्नांची उत्तरे आनंदाने देतो. जो उडवून लावतो त्याच्याकडे न गेलेले बरे. सेन्सरच्या खोल्या वाईट आहेत असे मी म्हणत नाही. आपल्या मुलाने त्या त्याच्या मित्रांबरोबर जरूर कराव्यात.

भुताच्या खोलीबाबत मात्र मी आपल्या यजमानांशी मुळीच सहमत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला अंधार, किंकाळ्या आणि अंगावर येणारा अनोळखी माणूस यांची सवय लावण्याचे काही कारण नाही. शिवाय घाबरलेल्या माणसाचे लक्ष फक्त भीतीच्या दिशेने लागते. जात्याखालची किल्ली हेरणारी हीच मुलगी तिथे समोरचा क्लूही पाहू शकली नसेल. कित्येक ठिकाणी नटाला आत पाठवू नका किंवा दिवे थोडे वाढवा असे आधी सांगता येते, पण मग त्या खोलीत जायचेच कशाला? मुलगी मोठी होऊन स्वतः मागेल तेव्हा हा विषय पुन्हा काढावा.

पेटीतल्या खेळातला वाद सोडवायला सोपा आहे. त्या पेट्या पाचजणांसाठी म्हणून विकल्या जात असल्या तरी एका पत्त्याभोवती आरामात दोघेतिघेच बसू शकतात. मजकूर बहुधा इंग्रजीत असतो, तेव्हा मुलाने तो मोठ्याने वाचून आजीला मराठीत सांगावा आणि पत्ते हाताळण्याचे काम बाकीच्यांनी करावे. ज्याच्या हातात पत्ता त्याने वाचायचा नाही, एवढा एक नियम पुरे होतो. विकत घेताना हेही पाहावे की ‘एक्झिट’ मालिकेतल्या खेळांत कागद कापावे आणि दुमडावे लागतात, म्हणून तो खेळ एकदाच होतो. ‘अनलॉक’ मालिकेतले पत्ते शाबूत राहतात आणि खेळून झाल्यावर शेजाऱ्यांना देता येतात, मात्र त्याला मोबाइलवरचे ॲप लागते.

तेव्हा दिवाळीसाठी अनेक कोडी एकाच वेळी खुली असणारी, कुलपांची, उजेड असलेली, साठ मिनिटांची खोली निवडा, आणि अनोळखी लोकांबरोबर एकत्र सोडणार नाहीत याची खात्री करून घ्या. हिंट मागण्याबाबत आत जाण्यापूर्वीच घरात एकमत करा. चारपाच मिनिटे सगळे एकाच जागी अडकले असतील तर हिंट मागावी, आणि ती मागायची की नाही हे मुलाने न ठरवता सासूबाईंनी ठरवावे.

प्रश्न : माझी नातवंडे मित्रमंडळींबरोबर एस्केप रूमला जाऊ पाहत आहेत. तिथे मुलांना आत घालून बाहेरून कुलूप लावतात असे ऐकले. आग लागली किंवा कोणाला घाबरल्यासारखे झाले तर काय? मी उगाच काळजी करतो, असे घरचे म्हणतात.
— एक आजोबा, पंचवटी

उत्तर : आजोबा, आपली काळजी उगाच नाही. पोलंडमधील कोशालिन या शहरात ४ जानेवारी २०१९ रोजी एका एस्केप रूमला आग लागली आणि वाढदिवस साजरा करायला गेलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली आतच दगावल्या. त्यानंतर पोलंडभर अशा खोल्यांची तपासणी झाली आणि अनेक बंद करण्यात आल्या. राजकोटच्या गेमिंग झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी लागलेली आग आपल्या स्मरणात असेलच. ती एस्केप रूम नव्हती, पण पंचविसांहून अधिक माणसे गेली आणि त्यांत मुलेही होती.

मुलांना पाठवण्याआधी आपण स्वतः एकदा तिथे जाऊन या. ज्या दाराने मुले आत जातात ते दार आतून, किल्लीशिवाय आणि कोणाच्या परवानगीशिवाय उघडले पाहिजे. ‘सुटका’ ही गोष्टीतली असते आणि ती दुसऱ्या एखाद्या दारावर किंवा पेटीवर दाखवता येते, त्यासाठी प्रवेशाचे दार खरोखर बंद करण्याची काहीही गरज नाही. दाराला विद्युतचुंबकाचे कुलूप असेल तर त्याचा गुण असा की वीज गेली की ते सुटते; तरीही दाराजवळ आपत्कालीन बटण आहे का ते पाहा आणि चालकाला ते दाबून दाखवायला सांगा. मुले आत असताना गेम मास्टर, म्हणजे बाहेरून खेळावर नजर ठेवणारा माणूस, कॅमेऱ्यासमोर सतत बसलेला असतो की तिकिटे फाडायला आणि चहा आणायला उठतो, हेही विचारा. आपल्या राज्यात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना ब’, जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यायचे असते. ते पाहायला मागण्यात संकोच नको. खोली तळघरात किंवा अरुंद जिन्याच्या वरच्या मजल्यावर असेल आणि दुसरा रस्ता नसेल, तर बाकी सगळे चांगले असले तरी मी माझ्या घरची मुले तिथे पाठवणार नाही.

प्रश्न : नाशिकरोडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मुलाच्या अकराव्या वाढदिवसाला एस्केप रूम करायची आहे. आठदहा मुले येतील. फार खर्च न करता काय करता येईल?
— एक आई

उत्तर : खर्च दोन-तीन कुलपांपुरताच करा. आठदहा मुलांचे दोन गट पाडा, एकेका खोलीत एकेक गट ठेवा आणि दोन्ही गटांना मिळालेले आकडे एकत्र केल्याशिवाय खाऊची पेटी उघडणार नाही अशी योजना करा. दारांना मात्र कड्या लावू नका.

तीन चाकांच्या आकडी कुलपाला एक हजार शक्यता असतात. पण दोन आकडे कळले की तिसऱ्यासाठी दहाच उरतात आणि अकरा वर्षांची मुले ते फिरवून पाहिल्याशिवाय राहणार नाहीत. म्हणून तिन्ही आकडे एकाच कोड्यातून, एकदमच बाहेर पडतील असे पाहा.

गुप्त निरोपासाठी स्वयंपाकघर पुरेसे आहे. खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून कापसाच्या काडीने पांढऱ्या कागदावर आकडा लिहा आणि तो पूर्ण वाळू द्या. कागद कोरा दिसतो. मुलांच्या हाती हळद कालवलेल्या पाण्याची वाटी आणि ब्रश द्या. हळदीचा हात फिरला की सगळा कागद पिवळा होतो आणि सोड्याने लिहिलेला आकडा तेवढा तांबूस उमटतो. क्षार लागला की हळद तांबडी होते; हळदीचे कुंकू होते ते याच गुणामुळे, आणि ही गोष्ट एखादी आजी तिथे असेल तर तीच मुलांना सांगेल.

लिपीचे कोडे करायचे तर आपल्याकडे सामग्रीची वाण नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ आणि सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जपले आणि सकळ लिपीची किल्ली पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी उलगडली. मुलांसाठी तशीच एक अक्षरबदलाची लिपी आपण तयार करू शकता, किंवा मोडी मुळाक्षरांचा तक्ता छापून एका खोलीत लावा आणि मोडीत लिहिलेली ओळ दुसऱ्या खोलीत ठेवा, म्हणजे दोन्ही गटांना एकमेकांशी बोलावेच लागेल. मुलांनी पांडवलेणी पाहिलेली असतील तर तिथल्या ब्राह्मी शिलालेखांची आठवण देऊन चारपाच ब्राह्मी अक्षरेही वापरता येतील. याहून जास्त नकोत, कारण या वयाची मुले तक्ता शोधायला कंटाळत नाहीत, पण लांब ओळ उतरवायला लगेच कंटाळतात.

एकूण खेळ पाऊण तासाच्या आत संपेल असा बेत करा आणि आदल्या दिवशी शेजारच्या एखाद्या मुलाकडून तो एकदा पूर्ण करवून घ्या. तो जिथे अडेल तिथे एक चिठ्ठी वाढवा.