वाचकांचे प्रश्न : स्कॅलपचा हंगाम आणि पहिला दिवस

प्रश्न : माझा मुलगा फ्लोरिडात टॅम्पा येथे राहतो. १ जुलैला हंगाम उघडताच होमोसासाच्या उथळ समुद्रात स्कॅलप नावाचे शिंपले वेचायला मलाही नेण्याचा त्याचा बेत आहे. माझे वय ६७ आहे आणि मला पोहता येते. मला परवाना लागेल का? पहिल्याच दिवशी जावे का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : फ्लोरिडात ६५ वर्षे पूर्ण केलेल्यांना परवान्यातून सूट आहे, परंतु ती तेथील रहिवाशांपुरतीच असल्याने आपल्याला सागरी मासेमारीचा परवाना घ्यावा लागेल, चालकासह भाड्याने घेतलेल्या नावेच्या परवान्यात प्रवासी येत असतील, तर मात्र वेगळा लागत नाही.

पहिल्या दिवसाविषयी माझे मत स्पष्ट आहे : शक्य असल्यास ऑगस्टमध्ये जावे. तेथे दर माणशी दिवसाला २ गॅलन, म्हणजे सुमारे साडेसात लिटर, अख्खे स्कॅलप घेता येतात. ही मर्यादा मापाची आहे, संख्येची नाही. जुलैच्या आरंभी ते लहान असतात, त्यामुळे त्याच बादलीत जीव अधिक जातात आणि पातेल्यात मांस कमी पडते. शिवाय हा प्राणी जेमतेम वर्षभर जगतो आणि मुख्यतः शरद ऋतूत अंडी सोडतो. म्हणजे आपण उचललेला जवळजवळ प्रत्येक स्कॅलप पुढची पिढी मागे न ठेवताच जातो. तिथला हंगाम २४ सप्टेंबरपर्यंत असतो, तेव्हा घाई कशाला? पहिल्याच दिवशी जाणे भाग असेल, तर अर्धी बादली पुरे मानावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कोकणात ओहोटीला वाळूत बोटे घालून तिसऱ्या काढतात, तसे हे काम नाही. स्कॅलप सागरी गवतात वर बसलेला असतो. डोळ्यांवर मास्क लावून पाण्यावर पालथे तरंगत, गवत आणि उघडी वाळू जिथे मिळतात त्या कडेने शोधावे. शिंपल्याच्या फटीत काठाने निळ्या ठिपक्यांची रांग दिसते, ते त्याचे डोळे. सावली पडताच तो शिंपा फटाफट मिटत पळतो, म्हणून हात मागून न्यावा. हात किंवा हातजाळी, एवढीच साधने चालतात.

पाण्यात कोणी असेपर्यंत नावेवर लाल पार्श्वभूमीवर तिरकी पांढरी पट्टी असलेला झेंडा हवाच, आणि खुल्या समुद्रात त्यापासून ३०० फुटांच्या आत राहावे. दुपारी गडगडाटी पाऊस येतो, त्यामुळे सकाळी लवकर निघून दुपारपूर्वी परतणे श्रेयस्कर. अंगावर जखम असेल, तर उतरूच नये.

वेचलेले स्कॅलप बर्फावर ठेवावेत. शिंपा सैल पडतो आणि चमच्याने काळपट भाग खरवडून पांढरा गोल स्नायू वेगळा करणे सोपे जाते. रिकामे शिंपले मात्र नदीत किंवा धक्क्यालगत टाकू नयेत. सोबत घेऊन यावेत.