पादचारी अचानक रस्त्यात आला आणि अपघात झाला, तर चूक कोणाची?

बहुतेक वेळा दोघांचीही, पण निम्मी-निम्मी नाही.

समजा, कोणी मोबाईलमध्ये डोकं घालून तुमच्या गाडीपुढे १५ मीटरवर उतरलं. चूक त्याचीच. पण ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किमीला तेवढ्यात गाडी ८ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी पाचेक मीटरवर थांबते. माणूस वाचला! ताशी ६० ला त्या एका सेकंदातच १७ मीटर संपतात, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच धडक. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. "तो अचानक आला" हे खरं असलं तरी गाडी किती वेगात होती, हा प्रश्न उरतोच.

म्हणून अनेक देशांतली न्यायालयं अशा प्रकरणांत दोष टक्क्यांत वाटतात आणि पादचाऱ्याचाही निष्काळजीपणा दिसला तर त्याची भरपाई तेवढ्या प्रमाणात कापतात. रस्ते वाहतुकीवरच्या १९६८ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारातही पादचारी आणि चालक, दोघांसाठी नियम आहेत.

माझं मत विचाराल तर जास्त भार चालकावरच. टनभर लोखंड तो चालवतोय. (रात्री काळे कपडे घालून रस्ता ओलांडणाऱ्यांवर मात्र माझाही राग आहे.)