एव्हर्टननं गोदीच का बुजवली? स्टेडियमच्या जागेबद्दल जरा सविस्तर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. एव्हर्टन या लिव्हरपूल शहरातल्या फुटबॉल क्लबनं आपलं जुनं मैदान, गुडिसन पार्क, जागच्या जागी का वाढवलं नाही? गावाबाहेर मोटरवेच्या कडेला मोकळं रान असताना एव्हर्टननं नव्या स्टेडियमसाठी जुनी गोदी बुजवायचा उपद्व्याप का केला? आणि मुळात क्लबनं जागा ठरवताना बघायचं काय? शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, बाकीच्या दोन्हींची उत्तरं बरीचशी त्यातच आहेत.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी मंडळ असलं की दुपारपासूनच पेठेतून पोरांचे जथे चालत निघायचे. पार्किंग हा शब्दही कुणाच्या तोंडी नसायचा. मॅच सुटली की जिंकलेले ओरडत, हरलेले पंचाचा उद्धार करत, भेळेच्या गाडीवर थांबत थांबत घरी. इकडे मर्सीसाइडला, म्हणजे लिव्हरपूलच्या परिसरात, येऊन आता वीसेक वर्षं झाली. पहिल्यांदा गुडिसनला गेलो तेव्हा परकं असं काही वाटलंच नाही. लाल विटांची एकाला एक चिकटलेली घरं, गल्लीच्या तोंडाशी चिप्सचं दुकान, आणि गल्ली संपते तिथे एकदम निळा स्टँड. एका कोपऱ्यात तर सेंट ल्यूक चर्च मैदानाला खेटून उभं. त्याच्या हॉलमध्ये मॅचच्या दिवशी चहा प्यायचा आणि जुने प्रोग्रॅम चाळत बसायचं.

त्यामुळे जागेचा विषय निघाला की लोक एकर मोजतात, मी तास मोजतो. मॅच नव्वद मिनिटांची. तिच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा दीड तास माणूस कुठे असणार, काय खाणार, कुणाबरोबर असणार आणि घरी कसा जाणार, हे नकाशावर बोट ठेवून सांगता येत नसेल तर ती जागा फुकट मिळाली तरी महाग.

इथल्या सुरक्षेच्या नियमांनुसार प्रेक्षकाला स्टँडमधून आठ मिनिटांत बाहेर पडता आलं पाहिजे. म्हणजे स्टेडियम रिकामं करायचा प्रश्न आर्किटेक्ट सोडवतो. खरी गंमत नवव्या मिनिटाला सुरू होते. मर्सीरेल या इथल्या लोकल रेल्वेच्या नव्या चार डब्यांच्या गाडीत बसलेले-उभे मिळून ४८० च्या आसपास माणसं मावतात. (आपल्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी साडेचार हजार कोंबली जातात, ती सवय इथे विसरायची.) पंधरा हजार लोक रेल्वेनं जायचे म्हटलं तर तीसहून जास्त भरलेल्या गाड्या लागतात. दर पाच मिनिटांना एक धरली तरी अडीच तास. दोन्ही दिशांना गाड्या सोडून, जोडगाड्या लावून तो वेळ बराच खाली आणता येतो, पण गणित करूनच.

मग गाडीनं येऊ दे की लोकांना, असं तुम्ही म्हणाल. पन्नास हजार माणसं तिघांत एक गाडी करून आली तरी सोळा-सतरा हजार गाड्या. आत-बाहेर करायच्या वाटेसकट एका गाडीला २५ चौरस मीटर धरा. शंभर एकर नुसतं पार्किंग! आणि त्या सगळ्या गाड्या एकाच वेळी दोन-तीन फाटकांतून बाहेर पडणार.

हा अनुभव मी घेतलाय. एका क्लबच्या गावाबाहेरच्या मैदानावर आम्ही चौघं पाहुणे समर्थक म्हणून गेलो होतो. नाव घेत नाही, त्या बिचाऱ्यांचे हाल आधीच पुरेसे आहेत. बाहेर एक फर्निचरचं दुकान, एक बर्गरवाला आणि वाऱ्यानं वाकडे झालेले झेंडे. अर्धा तास आधी पोचलो तर करायला काहीच नाही, म्हणून लोक दुकानात शिरून सोफ्यांवर बसून बघत होते. मॅच संपल्यावर पार्किंगमधून बाहेर पडायला एक तास चाळीस मिनिटं. एव्हाना आमच्या सँडविचचा डबा संपलेला, काचा वाफेनं भरलेल्या, आणि पुढच्या गाडीतला माणूस उतरून सिगारेट ओढत उभा. त्या मैदानावर मी परत गेलो नाही. त्यांचे स्वतःचे लोकही हळूहळू तेच करतात.

आता गुडिसन. तिथे खांब होते. माझी सीट लोअर बुलन्स या स्टँडमध्ये, बरोबर एका खांबामागे. डावा गोल दिसायचा. उजव्या गोलसमोर काय झालं ते आजूबाजूच्या आवाजावरून ओळखायचं. सेकंदभर आधी सगळे उठले की समजायचं, काहीतरी झालं. हे प्रेमानं सांगायला ठीक आहे, पण त्या सीटचं तिकीट कमी दरानं विकावं लागतं. क्षमता ३९ हजारांच्या वर, त्यात अडलेल्या दृश्याच्या सीटा भरपूर आणि मोठे पैसे देणाऱ्यांसाठीच्या खोल्या मोजक्या. १९४८ साली याच मैदानात लिव्हरपूलविरुद्ध ७८,२९९ लोक मावले होते, कारण तेव्हा ते उभे होते.

वाढवायचं तर कुठे? एका बाजूला चर्च, मागे शाळा, बाकी सगळीकडे घरं. ग्लॅडिस स्ट्रीटचा स्टँड १९३८ मध्ये बांधला तेव्हासुद्धा आधी घरं विकत घेऊन पाडावी लागली होती. शेजारच्या अ‍ॅनफिल्डनं, म्हणजे लिव्हरपूल क्लबच्या मैदानानं, जागेवरच विस्तार केला हे खरं. पण त्यासाठी तिथल्या आजूबाजूच्या गल्ल्यांतली घरं वर्षानुवर्षं रिकामी, पत्रे ठोकलेली पडून होती, आणि तिथल्या लोकांच्या मनातली ती अढी अजून गेलेली नाही. लंडनच्या टॉटनहॅम क्लबसारखं पाडून त्याच जागी बांधायचं तर मधल्या काळात खेळायचं कुठे? त्यांना वेम्बलीचं राष्ट्रीय स्टेडियम होतं. लिव्हरपूल शहरात दुसरं मोठं मैदान एकच, ते अ‍ॅनफिल्ड. एव्हर्टन तिथे १८८४ ते १८९२ भाडेकरू होतं, भाड्यावरून भांडण झालं म्हणून तर मधलं उद्यान ओलांडून गुडिसनला आलं. आणि रिकाम्या अ‍ॅनफिल्डसाठी घरमालकानं नवा संघ काढला, तो लिव्हरपूल. त्यामुळे तो पर्याय कुणी तोंडातूनही काढत नाही.

म्हणजे हलणं भाग होतं, आणि त्यात जवळजवळ पंचवीस वर्षं गेली. तुम्ही फक्त शेवटची जागा पाहिलीत. त्याआधीच्या तीन समजून घ्या, कारण निवड तिथेच घडली.

पहिली किंग्ज डॉक. अगदी शहराच्या मध्याजवळ, नदीकाठी, स्टेशनं चालत येण्याच्या अंतरावर, भोवती हॉटेलं-पब सगळं तयार. ५५ हजारांचं, सरकतं छत असलेलं स्टेडियम बांधायचं ठरलं होतं. क्लबच्या वाट्याचे ३ कोटी पौंड उभे राहिले नाहीत आणि २००३ मध्ये विषय मिटला. आज तिथे अरीना आणि कन्व्हेन्शन सेंटर आहे. माझ्या मते चारांतली सगळ्यात उत्तम जागा हीच. तीन कोटींसाठी ती गेली, आणि पुढे गोदीवर ७५ कोटींच्या आसपास खर्च झाला. एव्हर्टनवाल्यांसमोर हे आकडे सांभाळून काढा.

दुसरी कर्कबी. तुम्ही म्हणता ती मोकळी जागा जवळपास हीच. शहराच्या हद्दीबाहेर, नोझली काउन्सिलमध्ये. टेस्को ही सुपरमार्केटची कंपनी तिथे मोठं दुकान आणि खरेदीसंकुल काढणार, त्या जोरावर ५० हजारांचं स्टेडियम स्वस्तात पदरात पडणार. २००७ मध्ये समर्थकांचं मतदान झालं, ५९ टक्के ‘हो’ म्हणाले. ‘आमचा क्लब शहरातच ठेवा’ म्हणणारे विरोधात उभे राहिले. मी तेव्हा नवखा, मताचा हक्क नव्हता. असता तर ‘हो’च म्हटलं असतं, खांबामागून सुटका म्हणून. कर्कबीला नावं ठेवण्यातही अर्थ नव्हता. लिव्हरपूलच्या जुन्या वस्त्यांतून हलवलेली कितीतरी कुटुंबं तिथे राहतात आणि त्यांत एव्हर्टनवाले चिक्कार. पण शेवटी सरकारनं सार्वजनिक चौकशी लावली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये परवानगी नाकारली. गंमत अशी की नकाराचं मोठं कारण फुटबॉल नव्हतंच. एवढ्या प्रचंड दुकानामुळे आसपासच्या गावांच्या बाजारपेठा बसतील, हे होतं.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. स्टेडियमची जागा दुसऱ्याच्या धंद्याच्या शेपटीला बांधली की निर्णय त्या धंद्यावर होतो. आज मागे वळून बघताना तो नकार म्हणजे नशीबच वाटतं.

तिसरी वॉल्टन हॉल पार्क. गुडिसनपासून जवळ, पण सार्वजनिक उद्यान. लोकांनी विरोध केला, २०१६ मध्ये गुंडाळलं. बरं झालं.

आणि चौथी ही ब्रॅमली-मूर गोदी. १८४८ ची, जेसी हार्टली या इंजिनिअरनं बांधलेली. गुडिसनपासून दोनेक मैल. काम २०२१ मध्ये सुरू झालं. आयरिश समुद्राच्या तळातून जवळपास पाच लाख घनमीटर वाळू उपसून, जहाजानं आणून पाण्यात ओतली. गोदीच्या जुन्या भिंती फोडल्या नाहीत, त्या वाळूखाली शाबूत आहेत. १८८३ चा हायड्रॉलिक टॉवर दुरुस्त करून ठेवलाय. विटांच्या दर्शनी भागावरची जाळीची नक्षी बघितलीत का? गुडिसनचे स्टँड बांधणाऱ्या आर्चिबाल्ड लीचच्या लोखंडी नक्षीची ती आठवण आहे.

त्याची किंमतही शहरानं मोजली. जुलै २०२१ मध्ये युनेस्कोनं लिव्हरपूलला जागतिक वारसा यादीतून काढलं. बंदराच्या पट्ट्यातल्या इतर बांधकामांवरून २०१२ पासूनच धोक्याचा इशारा होता, पण स्टेडियमला मंजुरी मिळाल्यावर पाच महिन्यांत नाव गेलं. यावर इथे अजूनही वाद घालतात. माझं मत सांगतो: मी तिथून वर्षानुवर्षं गाडी चालवत गेलोय. ती गोदी कुलपात होती, आत जायची सोय नव्हती, उत्तरेला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. उन्हाळ्यात वारा तिकडून आला की खिडकी वर करायची. अशा ठिकाणी पन्नास हजार माणसं आणून सोडणं मला वारशाचा अपमान वाटत नाही. पण हार्टलीच्या ग्रॅनाइटच्या कुंपणभिंतीला गर्दीसाठी नवी दारं पाडली गेली, तेव्हा काही म्हाताऱ्या गोदी कामगारांच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही मी पाहिलंय.

तासांच्या हिशोबात या जागेला मी दहापैकी सात देईन. आधीचे दोन तास झकास: रीजंट रोडवरचे जुने पब, शहरातून नदीच्या कडेनं चालत येणारे जथे. नंतरचा दीड तास कच्चा. जवळचं स्टेशन सँडहिल्स, पायी पंधरा-वीस मिनिटं, आणि ते स्टेशन छोटं. आसपासच्या वस्तीत मॅचच्या दिवशी रहिवाशांशिवाय कुणाला गाडी लावता येत नाही, ते योग्यच आहे. जाणकार सुरुवातीपासून सांगत होते की गाठ रेल्वेशीच पडणार, आणि पडली.

पैशाबद्दल एकच सांगतो. जागा कितीही चांगली असो, ती कुणाच्या मालकीची आणि किती मोठी हे आधी ठरवा. कॉव्हेंट्रीचा क्लब २००५ मध्ये नव्या अरीनात गेला, पण मैदान क्लबचं नव्हतं. भांडणं होऊन ‘घरच्या’ मॅचेस एकदा नॉर्थॅम्प्टनला आणि नंतर बर्मिंगहॅमला खेळायची वेळ आली. डार्लिंग्टन या छोट्या क्लबनं २००३ मध्ये २५ हजारांचं स्टेडियम बांधलं, बघायला दोन-तीन हजार माणसं. २०१२ मध्ये ते सोडावं लागलं. उलट इटलीच्या युव्हेन्टसनं ६९ हजारांचं, मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक असलेलं देल्ले आल्पी स्टेडियम पाडून त्याच जागी ४१ हजारांचं बांधलं, आणि तीच ओसाड वाटणारी जागा भरायला लागली. एव्हर्टनही यात पार होरपळून निघालं. २०२३-२४ मध्ये खर्चाच्या नियमांवरून गुण कापले गेले, त्या वादात स्टेडियमच्या कर्जावरचं व्याज हाही एक मुद्दा होता. शेवटी २०२४ च्या डिसेंबरात मालकच बदलला.

नव्या ठिकाणी लीगमधली पहिली मॅच २४ ऑगस्ट २०२५ ला ब्रायटनविरुद्ध, २-० अशी जिंकली. गुडिसनचं उद्घाटन झालं होतं २४ ऑगस्ट १८९२ ला. आणि गुडिसन पाडतील असं सगळे धरून चालले होते, तर ते महिला संघाला दिलं. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वात शहाणपणाचा निर्णय वाटतो. स्टेडियम उठून गेलं की आधी मरतात ती गल्लीतली चिप्सची दुकानं.

तुम्ही डिसेंबरात मॅच बघायला येणार म्हणताय तर एवढं करा. जाताना सँडहिल्सला उतरा, हरकत नाही. सुटल्यावर मात्र त्या रांगेत उभे राहू नका. नदी उजव्या हाताला ठेवून सरळ शहराकडे चालत सुटा, पाऊण तासात लाइम स्ट्रीट स्टेशन. कानटोपी आणा, मर्सीवरचा वारा हाडात शिरतो.