शाळेच्या शुभंकराचे बोधचिन्ह कोणत्या फाइल फॉरमॅटमध्ये ठेवावे?

तुमच्या शाळेचा शुभंकर असलेल्या वाघाचे बोधचिन्ह केवळ ६०० पिक्सेल रुंदीच्या एका जेपीजी फाइलमध्ये उपलब्ध आहे, बॅनरवर ते फुटते आणि गडद टी-शर्टवर त्याच्याभोवती पांढरा चौकोन येतो; तेव्हा तीच फाइल पीएनजी किंवा एसव्हीजीमध्ये बदलून घेतली तर काम भागेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी छपाईसाठी बोधचिन्हांच्या फाइली तयार करतो. त्या अनुभवावरून सांगतो, की नुसते फॉरमॅट बदलून भागणार नाही; हे चित्र व्हेक्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा आणि वक्रांच्या स्वरूपात, नव्याने रेखाटून घ्यावे लागेल.

तीन फुटी बॅनर म्हणजे ३६ इंच. त्यावर ६०० पिक्सेल पसरले की एका इंचाला जेमतेम १७ पिक्सेल येतात आणि प्रत्येक पिक्सेल सुमारे दीड मिलिमीटरचा होतो, म्हणून कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. शिवाय जेपीजी हा मुळात छायाचित्रांसाठीचा फॉरमॅट आहे. चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यांतील बारीक तपशील तो गाळतो. छायाचित्रात हे सहसा जाणवत नाही, परंतु काळी रेघ जिथे थेट पांढऱ्याला भिडते तिथे लगेच उघडे पडते. वाघाच्या मिशांजवळचा भाग पडद्यावर मोठा करून पाहा, प्रत्येक मिशीभोवती राखाडी डाग दिसतील. फाइल पीएनजी केली, तर हे डागही जसेच्या तसे जपले जातील.

व्हेक्टर फाइलमध्ये पिक्सेल नसून रेषा, वक्र आणि रंग यांचे गणिती वर्णन असते, त्यामुळे तेच चित्र बिल्ल्यावर आणि इमारतीच्या भिंतीवर सारखेच रेखीव उमटते. एसव्हीजी, ईपीएस, एआय आणि सीडीआर हे त्याचे नेहमीचे फॉरमॅट होत. मात्र निव्वळ एक्स्टेन्शन पाहून फाइल स्वीकारू नका, कारण एसव्हीजी किंवा पीडीएफच्या आत जुनी जेपीजी तशीच चिकटवून दिलेली असू शकते. फाइल उघडून डोळ्याची कड भरपूर मोठी करा. ती धारदार राहिली नाही, तर काम झालेले नाही असे समजा. ऑटो ट्रेसवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अस्पष्ट जेपीजीवरून सॉफ्टवेअरने काढलेल्या रेषा गुठळ्यांच्या येतात आणि वाघाचा करारी चेहराच हरवतो. जाणकाराकडून पेन टूलने हाताने रेखाटून घ्या, आणि शाळेच्या नावाची अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे रेषांनी आखलेल्या आकारांत, बदलून घ्या, म्हणजे दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसला तरी ती बदलणार नाहीत.

पांढऱ्या चौकोनाचे कारण असे, की जेपीजीमध्ये पारदर्शकता साठवताच येत नाही. व्हेक्टरवरून पारदर्शक पीएनजी काढली की तो चौकोन जातो. इथे एक चूक वारंवार घडते: पार्श्वभूमी काढताना सगळाच पांढरा रंग पुसला जातो आणि निळ्या टी-शर्टवर वाघाचे दात आणि डोळे निळे दिसतात. दात आणि डोळ्यांमधला पांढरा हा चित्राचा रंग आहे, त्यामुळे तो भरलेलाच असायला हवा. काळी बाह्यरेषा गडद कापडात बुडू नये, यासाठी तिच्याबाहेर पांढरी किनार असलेली वेगळी आवृत्तीही करून घ्यावी.

भरतकामासाठी टाक्यांची स्वतंत्र फाइल लागते, बहुधा डीएसटी. ती ठरावीक आकारासाठीच बनवतात, आणि बारीक मिशा धाग्यात नीट उतरत नसल्याने त्यासाठी चित्र थोडे सोपे करावे लागते. कागदावरील छपाईसाठी रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या मिश्रणात), तर संकेतस्थळासाठी आरजीबीमध्ये (पडद्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या मिश्रणात) ठेवावेत.

मूळ व्हेक्टर फाइल शाळेच्या ताब्यात किमान दोन ठिकाणी असू द्या. छपाईवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पीएनजी पाठवायची असेल, तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवल्यास ती आक्रसते आणि तिची पारदर्शकताही जाते.